डायनासोरला परवानगी आहे का?

बांधकाम खात्यात सगळी नोकरी घालवलेल्या माणसाला रस्त्यानं नुसतं चालता येत नाही. आधी गटारीचा उतार दिसतो, मग छज्जा किती पुढं आलाय ते, मग कुंपणाची भिंत रस्त्याच्या हद्दीत सरकलीय का ते. मी मिरजेचा. नगरपालिकेत ओव्हरसियर म्हणून लागलो, पुढं हुद्दे बदलत गेले, पण गावानं ‘ओव्हरशेरसाहेब’ काही सोडलं नाही. निवृत्तीनंतर हीच नजर घेऊन लेकीकडं बर्कलीला आलो आणि इथल्या गल्ल्यांनी तिची पार दाणादाण उडवली.

बर्कली म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पूर्व काठावरचं विद्यापीठाचं गाव. लेक-जावई कामाला गेले की घरात आम्ही दोघं. टीव्हीचा कंटाळा, गाडी चालवायची सोय नाही, मग पायी हिंडणं आलंच. बे एरियातली आपली बरीच मराठी मंडळी राहतात ती खाडीच्या दक्षिण अंगाला, सनीव्हेल, क्युपर्टिनो, नाहीतर फ्रीमाँटकडं. तिथल्या कित्येक वसाहतींत रहिवाशांचा संघ असतो. घराला रंग कुठला द्यायचा, कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसला तर चालेल का, हे सगळं संघ ठरवतो. एका ओळखीच्यांकडं तिथं राहून आलो. सगळी घरं फिक्कट बदामी, हिरवळ एका मापाची, गॅरेजची दारं सारखी. खात्यातला माणूस म्हणून मला तर ते आवडायलाच हवं होतं. फिरायला निघालो तेव्हा ही म्हणाली, “अहो, काहीतरी खूण लक्षात ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्याच घरात शिराल.” खूण शोधली. सापडली नाही.

बर्कलीत खुणांचा नुसता सुकाळ. एका वाफ्याला विटांऐवजी बोलिंगचे गोळे लावलेत, लाल, निळे, संगमरवरी छटेचे. एका कुंपणाच्या प्रत्येक खांबावर बाहुलीचं मुंडकं. एकीकडं जुन्या संडासाच्या भांड्यात जास्वंद लावलीय आणि तीही फुललीय. (ही तिथून नाक मुरडून जाते. मी म्हटलं, भांडं स्वच्छ आहे, सांधा पक्का आहे, निचरा उत्तम आहे. जास्वंदीला आणखी काय पाहिजे?) चौकाचौकात खांबावरच्या लाकडी पेट्यांतून फुकट पुस्तकं ठेवलेली असतात. ही कल्पना विस्कॉन्सिनमधल्या एका गृहस्थाची, 2009 सालची, पण इथं पेटीला कुणी माशांचे खवले केलेत, कुणी छोटं कौलारू घर.

मला पहिले काही दिवस एकाच गोष्टीनं छळलं. आपल्याकडं बांधकाम परवान्याच्या अर्जात एक रकाना असतो, ‘प्रयोजन’. निवासी, वाणिज्य, गोठा, पाण्याची टाकी, काहीतरी लिहावंच लागतं. या गोळ्यांचं, मुंडक्यांचं प्रयोजन काय लिहायचं?

आपल्याकडच्या घरांवर कला नसते असं कोण म्हणेल? मिरज-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हिंडा. गच्चीवर सिमेंटची बैलजोडी असते, कुठं पंख पसरलेला गरुड, कुठं दंड थोपटणारा पैलवान. जुन्या वाड्यांच्या चौकटीवर गणेशपट्टी. त्यानंतरच्या पिढीच्या घरांवर चुन्यात काढलेले मोर, सिंह आणि मधोमध बांधणीचं साल. पण प्रत्येकाला काम नेमून दिलेलं आहे. गणपती विघ्नं अडवतो. बांधकाम चालू असताना टांगलेली काळी बाहुली नजर खाते. बैलजोडी सांगते की हे घर शेतीच्या पैशावर उभं राहिलंय, सावकाराच्या नाही. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवतो, ते चायना मोझॅकसुद्धा दिसायला सुंदर म्हणून कुणी करत नाही. ऊन परतवायला आणि गळती थांबवायला करतात.

म्हणून इथल्या एका गल्लीत तसंच काम चक्क उभ्या भिंतीवर दिसलं तेव्हा मी थबकलो. कमरेइतकी कुंपणाची भिंत. त्यावर फुटक्या कपबश्या, टाइल्स, आरशांचे तुकडे. कपांचे कान तसेच बाहेर आलेले, रांगेनं, जणू टोप्या अडकवायला. घरमालकीण, सत्तरीच्या बाई, मुढ्यावर बसून काम करत होत्या. एका हातात दातेरी पत्रा, दुसऱ्यात चिकटवायचा माल. पत्रा फिरवून मालाला रेघा पाडायच्या, तुकडा दाबून किंचित हलवायचा, कडेनं माल उचकटून आला की पुसून घ्यायचा. हात बसलेला. सांधे मात्र कमीजास्त होते. मी ते बोललो नाही, पण ही माझ्या चेहऱ्यावरून ओळखते, तिनं कोपर मारलं.

पुढं काय झालं ते माझ्या इंग्रजीच्या आवाक्याबाहेर होतं, हिच्या नव्हतं. हिचं इंग्रजी माझ्याहून कमी, पण हिला त्याची फिकीर नाही. मिरजेहून कपड्यांत गुंडाळून आणलेल्या बश्यांतली एक विमानात फुटली होती. हिनं ती टाकलीही नव्हती आणि जोडलीही नव्हती, नुसती ओट्याखाली ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती पिशवीत घालून आम्ही हजर. बाईंनी तुकडे उन्हात धरून पाहिले, निळ्या काठाचा मोठा तुकडा निवडला आणि हिच्याच हातानं लावून घेतला. तिरका लागलाय. मी सरळ करायला पुढं झालो तर दोघींनी एकदमच “नो, नो” केलं. जाताना पिशवीभर लिंबं मिळाली. बाईंच्या परसात झाड आहे. लोणचं घातलं.

मी धीर करून विचारलं होतं, ही भिंत कशासाठी? म्हणाल्या, पूर्वी इथून लोक मान खाली घालून जायचे, आता थांबतात.

त्यानंतर मी बारकाईनं बघायला लागलो. लोखंडी कामाकडं आधी. बऱ्याच अंगणांत जाड पत्र्यातून कापलेली गंजकी तोंडं दिसतात. वटारलेले डोळे, लांबलचक नाकं, शेपटीला गाठ मारलेली कुत्री. या भागात हे काम मार्क बुलविंकल या कलावंताचं. हा माणूस एकेकाळी जहाजांच्या गोदीत वेल्डर होता आणि ते कळायला सही बघावी लागत नाही. गॅस कटरनं कापलेल्या कडेला जी बारीक लाटांसारखी रेघ पडते ती इथं घासून काढलेली नाही. कापताना हात कुठं थांबला, कुठं वळला, सगळं वाचता येतं. रेड ऑक्साइड नाही, रंग नाही. गंज मुद्दाम धरू दिलाय. आमच्या खात्यात कुणी असं काम बिलाला लावलं असतं तर मी बिल अडवलं असतं. इथं पत्र्याला बोट लावून उभा राहिलो आणि बोट तांबडं झालं.

बर्कलीत टॉम डॅलझेल नावाचे वकील आहेत. त्यांनी गावाचा रस्ता न् रस्ता पायी पालथा घालून अशा विचित्र वस्तूंची नोंद केलीय. जावयानं हे सांगितलं तेव्हा मला त्यांचा हेवाच वाटला. आमच्या खात्यात घर न् घर फिरून करायची नोंद म्हणजे घरपट्टीची, आणि तिला दार उघडणाऱ्याचं तोंड कधी गोड नसायचं.

हिची नजर गुडघ्यांमुळं सदैव जमिनीकडं. त्यामुळं ओकलंडमधले बुटके हिनं शोधले. ओकलंड म्हणजे बर्कलीला चिकटलेलं मोठं शहर, त्याच्या मध्यात लेक मेरिट नावाचं तळं. तळ्याकाठी चालताना ही एकदम विजेच्या खांबापाशी वाकली. “अहो, इकडं या. हे बघा कोण.” खांबाच्या अगदी बुडाशी वीतभर लाकडी फळी, स्क्रूनं ठोकलेली. त्यावर रंगवलेला दाढीवाला बुटका, डोक्याला टोकदार टोपी, शेजारी अळंबी. पुढच्या खांबावर दुसरा. मग तिसरा. एका अनामिक माणसानं हे उद्योग केले. 2013 च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा त्यांची संख्या दोन हजारांच्या पुढं गेली होती. वीज कंपनीनं आधी सांगितलं की खांब आमचे, बुटके काढणार. लोकांनी ओरड केली आणि कंपनीनं माघार घेतली.

मी त्या फळीकडं उकिडवा बसून बराच वेळ बघत होतो. दाढीचा प्रत्येक केस वेगळा काढलेला. कुत्री जिथं पाय वर करतात त्या उंचीवर, जिथं माणसाची नजर जायची शक्यताच नाही अशा जागी एवढी मेहनत! आणि खाली नाव नाही. आपल्याकडं बसस्टॉपचं बाकडं बसवलं तरी ‘यांच्या प्रयत्नातून’ म्हणून बाकड्यापेक्षा मोठा फलक लागतो.

ओकलंडमध्येच, तळ्याच्या पूर्वेला ईस्टलेक भागात एक बुद्ध आहे. ही हकीकत आमच्या खात्यातल्या प्रत्येकानं ऐकावी अशी. एका चौकातल्या दुभाजकावर लोक जुन्या गाद्या, फर्निचर, कचरा आणून टाकायचे. महापालिकेला सांगून उपयोग होईना. समोर राहणाऱ्या गृहस्थानं 2009 मध्ये हार्डवेअरच्या दुकानातून बुद्धाची दगडी मूर्ती आणली. तो स्वतः बौद्ध नाही, धार्मिकही नाही. मूर्तीला बुडातून भोक पाडून सळई घातली, इपॉक्सीनं पक्की केली आणि ती काँक्रीटमध्ये बसवली. सळई आणि इपॉक्सी! म्हणजे हलवायला आलेल्या माणसाचा घाम निघणार याची तजवीज. कचरा थांबला. मग मूर्तीपुढं कुणीतरी फळं ठेवायला लागलं. आसपास व्हिएतनामी कुटुंबं बरीच. ते सकाळी जमून प्रार्थना करू लागले, छप्पर आलं, दिवे आले, फुलं आली. 2012 मध्ये कुणीतरी तक्रार केल्यावर पालिका मूर्ती काढायला निघाली, वस्तीनं विरोध केला, आणि विषय थंड्या बस्त्यात गेला.

जिन्याच्या कोपऱ्यात पान खाऊन थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावणाऱ्या आपल्या लोकांना यात नवं काही वाटणार नाही. मलाही वाटलं नाही. एका रात्रीत उगवलेल्या शेंदरी दगडाचं चार महिन्यांत देऊळ कसं होतं आणि त्या देवळापाशी रस्ता रुंदीकरण कसं वळसा घेतं, याच्या फायली मी पाहिल्यात. तिथं उभं राहून हिनं हात जोडले. मी आधी छप्पर रस्त्यात किती आलंय ते डोळ्यानं मोजलं, मग जोडले.

घरच्या घर अजब असावं तर ते बर्कलीतलं माशाचं घर. यूजीन त्सुई या वास्तुरचनाकारानं 1990 च्या दशकात आपल्या आई-वडिलांसाठी बांधलेलं. लोक मासा म्हणतात, पण त्सुईंच्या डोळ्यापुढं होता टार्डिग्रेड, डोळ्याला न दिसणारा, उकळत्या पाण्यातून नि बर्फातूनही तगून राहणारा सूक्ष्म जीव. भूकंपाच्या प्रदेशात आई-वडिलांचं घर तसं चिवट व्हावं हा हिशेब. स्टायरोफोम आणि सिमेंटचे ठोकळे, गोलाकार अंग, वर डोळ्यासारखी मोठी खिडकी. दोन्ही बाजूला साधीसुधी घरं. बांधताना शेजाऱ्यांनी विरोध केला होता, आणि खरं सांगायचं तर मी शेजारी असतो तर मीही केला असता. कोपरा नाही, सरळ रेघ नाही. कपाट कुठं ठेवायचं?

काही गोष्टी मला आवडल्या नाहीत हेही लिहितो. गंजक्या सायकलींचा ढीग अंगणात टाकला की कला होत नाही. बर्कलीत अशी अंगणं ढिगानं आहेत. मालकाला विचारलं तर तो शिल्प म्हणेल, मला भंगार दिसतं आणि त्याखाली उंदीर. काही ठिकाणी राजकीय पाट्या एवढ्या की घर कुठं संपतं आणि घोषणा कुठं सुरू होते कळत नाही. आणि कारंज्यापाशी बसवलेले चिनी मातीचे बेडूक. बेडूक पुरे झाले.

पण ऑल्बनीचा बल्ब बघाच. ऑल्बनी हे बर्कलीच्या उत्तरेला लागून असलेलं छोटं गाव, आणि बल्ब म्हणजे पाडकामाचा राडारोडा टाकून खाडीत तयार झालेलं टोक. पाडलेल्या इमारतींचे स्लॅब, पदपथांचे तुकडे, त्यातून बाहेर आलेल्या सळया. आमच्याकडं राडारोडा ओढ्यात गुपचूप टाकतात. इथं त्यावर झुडपं वाढली आणि लोकांनी समुद्रानं आणून टाकलेल्या लाकडांतून, तारांतून, भंगारातून पुतळे उभे केले. ओशा न्यूमन हे पेशानं वकील, त्यांनी केलेली हात उंचावलेली प्रचंड बाई पाण्याकडं तोंड करून उभी आहे. वाऱ्यात तिचे केस, म्हणजे झुडपाच्या फांद्या, हलतात. मी मात्र तिच्या पायाखालच्या स्लॅबमध्येच अडकलो होतो. सळईचं अंतर बघितलं. काम चांगलं होतं.

लेकीला सुट्टी मिळाल्यावर आम्ही उत्तरेला सेबॅस्टोपोल नावाच्या गावी गेलो. तिथला फ्लॉरेन्स अ‍ॅव्हेन्यू म्हणजे एक साधा राहता रस्ता आणि घराघरापुढं भंगारातून केलेले राक्षसी पुतळे. पॅट्रिक अमियो हा कॅनडाहून आलेला कलावंत जोडतो, त्याची बायको ब्रिजिट लोराँ रंगवते. 2001 मध्ये त्यांनी आपल्या अंगणात मासे धरणारा एक कोळी उभा केला. शेजारी काय म्हणतील याची धास्ती होती. शेजारी म्हणाले, आम्हालाही एक द्या. गाडीच्या दिव्यांचे डोळे, धान्याच्या पिंपाचं पोट, व्हॅक्यूम क्लिनरचे अवयव. जावई प्रत्येक पुतळ्यापुढं उभा राहून ‘हे पूर्वी काय होतं’ ओळखत होता आणि लेक फोटो काढत होती. ही म्हणाली, “आपल्या गल्लीत कुणी असा पुतळा केला तर आधी कुणाच्या दाराकडं पाठ झाली यावरून भांडण होईल.” खरं आहे.

आणि आता डायनासोर. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला हिल्सबरो नावाचं गर्भश्रीमंत गाव आहे. तिथं महामार्ग 280 वरून एक घुमटांचं घर दिसतं. विल्यम निकोलसन या वास्तुरचनाकारानं 1976 मध्ये केलेलं. फुगवलेल्या मोठाल्या फुग्यांवर सळया आणि जाळी बांधायची, त्यावर दाबानं काँक्रीट फवारायचं. हे वाचून मला भरतं आलं. आपल्याकडं धरणाच्या आणि बोगद्याच्या कामात गनायटिंग करतात, तेच हे! जुन्या कार्टूनमधल्या अश्मयुगीन कुटुंबावरून लोक त्याला फ्लिंटस्टोन हाऊस म्हणतात. 2017 मध्ये फ्लॉरेन्स फँग या एकेकाळच्या वर्तमानपत्राच्या मालकीणबाईंनी ते सुमारे 28 लाख डॉलरला घेतलं आणि अंगणात माणसाहून कितीतरी उंच डायनासोर उभे केले, सोबत भल्या मोठ्या अळंब्या.

नगर प्रशासनानं 2019 मध्ये त्यांना कोर्टात खेचलं. परवानगी न घेता काम केलं, आणि हे सगळं डोळ्यांना खुपतं, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी उलट दावा ठोकला. 2021 मध्ये तडजोड झाली. गावानं बाईंना सव्वा लाख डॉलर द्यायचे, बाईंनी रीतसर परवान्यासाठी अर्ज करायचा. डायनासोर जागेवर. विमानतळाकडं जाताना जावयानं मुद्दाम त्या रस्त्यानं गाडी घेतली. ही ओरडली, “आला, आला!” आणि झाडांच्या फटीतून लांब मानेचा एक दिसून गेलासुद्धा.

गाडीत जावई म्हणाला, “बाबा, ही फाईल तुमच्याकडं आली असती तर?”

मी विचार केला. अतिक्रमण नाही, जागा बाईंच्या मालकीची. भार पायावर येतो, पाया दिसत नाही. वीजवाहिनीपासून अंतर पुरेसं असावं. शेजाऱ्यांची हरकत नोंदवून घेतली असती. मग खाली नेहमीच्या लाल शाईत लिहिलं असतं: ‘रस्त्यावरून स्थळपाहणी केली. डायनासोर सुस्थितीत आढळले. प्रयोजनाचा रकाना कोरा आहे. पुढील आदेशार्थ सादर.’